‘जड आत, हलके बाहेर’ : सूर्यमालेच्या उत्पत्तीवरील नोट्सची उलटतपासणी



सूर्यमालेची उत्पत्ती या प्रकरणावर ज्या नोट्स हातोहात फिरतात, त्यांतला मुख्य परिच्छेद जवळजवळ सगळीकडे एकच असतो. शब्द थोडे मागेपुढे, एवढेच. मी शिकवतो इंजिनीअरिंग मेकॅनिक्स. खगोलशास्त्राचा ओपन इलेक्टिव्ह माझ्याकडे आला तो आवडीमुळे. त्या वर्गाला मी बरीच वर्षे जो परिच्छेद दिला तो असा होता :

“सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धूळ यांचा एक प्रचंड मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आकुंचन पावू लागला. हात जवळ घेणाऱ्या स्केटिंगपटूप्रमाणे त्याचा फिरण्याचा वेग वाढत गेला व तो चकतीसारखा चपटा झाला. मध्यभागी सूर्य तयार झाला. जड पदार्थ सूर्याजवळ राहिले व त्यांपासून खडकाळ ग्रह बनले, तर हलके वायू बाहेर फेकले गेले व त्यांपासून वायुग्रह बनले. उरलेल्या मालापासून लघुग्रह आणि धूमकेतू तयार झाले.”

पाच वाक्ये. पाठ करायला सोपी, तपासायला त्याहून सोपी. या लेखात मला याच पाच वाक्यांची परीक्षा घ्यायची आहे, कारण त्यांतले एक सरळ चूक आहे, एक अर्धे खरे आहे, आणि एक वाक्य इतके निरागस दिसते की त्याच्याखाली शंभर वर्षांचा वाद झाकला गेला आहे हे मला स्वतःला कळायला उशीर झाला.

उशीर कसा झाला तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी अंतर्गत चाचणीत ‘सूर्यमालेची उत्पत्ती स्पष्ट करा’ हा दहा गुणांचा प्रश्न होता. एका विद्यार्थ्याने पहिली दोन वाक्ये लिहिली आणि मग पानभर गणित केले. गणिताखाली त्याने लिहिले होते, “असे असेल तर सूर्य सव्वादोन मिनिटांत एक फेरी मारील. मग तो २५ दिवस का घेतो?” पुढचे उत्तर त्याने लिहिलेच नाही. मी ‘अपूर्ण’ असा शेरा मारून तीन गुण दिले. तो विचारायलाही आला नाही. त्या उत्तरपत्रिका यथावकाश रद्दीत गेल्या. सव्वादोन मिनिटांचा आकडा मात्र डोक्यात राहिला. पुढच्या सत्रात मी तो तपासून पाहिला. बरोबर होता.

स्केटिंगपटू कुठपर्यंत खरा?

तुम्हीही करून पाहा. ज्या दाट वायुगाभ्यातून सूर्यासारखा एक तारा घडतो, त्याची त्रिज्या ०.०५ पार्सेक, म्हणजे सुमारे दीड लाख कोटी किलोमीटर धरू. असे गाभे अतिशय सावकाश फिरतात; निरीक्षणांतून मिळणारी एक सर्वसाधारण गती धरली तर एका फेरीला सुमारे २ कोटी वर्षे लागतात. हे दोन्ही आकडे मीच वर्गात, तारकानिर्मितीच्या तासाला, दिलेले होते. सूर्याची आजची त्रिज्या ७ लाख किलोमीटर. म्हणजे त्रिज्या २१ लाख पटींनी कमी झाली. कोनीय संवेग अक्षय्य राहत असेल तर फेरीचा काळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे साडेचार लाख कोटी पटींपेक्षा जास्त. २ कोटी वर्षांना त्याने भागा. उत्तर येते १३७ सेकंद.

या वेगाने फिरणाऱ्या सूर्याच्या विषुववृत्तावरचा बिंदू सेकंदाला ३२,००० किलोमीटर धावेल. प्रकाशाच्या वेगाचा दहावा भाग! प्रत्यक्षात सूर्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण सेकंदाला सुमारे ४३७ किलोमीटरपर्यंतच पृष्ठभाग धरून ठेवू शकते. आणि आज सूर्याचा विषुववृत्तीय वेग किती? सेकंदाला २ किलोमीटर. सिद्धांत, सहनशक्ती आणि वास्तव यांच्यात इतकी दरी असेल तर वर्कशॉपमध्ये आपण त्या ड्रॉइंगवर सही करणार नाही. परीक्षेत मात्र करतो.

स्केटिंगपटूवर अन्याय नको. तो पूर्ण खोटा नाही. हेच गणित थोडे वेगळ्या पद्धतीने मांडा : मेघाच्या कडेचा एक कण कोनीय संवेग सांभाळत आत पडत आला, तर तो कुठे अडेल? जिथे त्याचा वेग वर्तुळाकार कक्षेला लागणाऱ्या वेगाइतका होईल तिथे. उत्तर येते सुमारे २५ खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). हे युरेनस आणि नेपच्यून यांच्या दरम्यानचे अंतर आहे. सूर्यमालेचा विस्तार साधारण एवढाच का, याचे उत्तर स्केटिंगपटू चांगले देतो. चकती का झाली, ग्रह जवळजवळ एकाच प्रतलात का फिरतात, हेही तोच सांगतो. २०१४ मध्ये चिलीच्या वाळवंटातील आल्मा दुर्बिणीने एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची चकती तिच्या वलयांसह टिपली. १७५५ मध्ये काण्टने आणि १७९६ मध्ये लाप्लासने नुसत्या तर्कावर मांडलेली गोष्ट तिथे चित्रात दिसते. दुसरे वाक्य म्हणूनच अर्धे खरे.

पण स्केटिंगपटू चकतीपाशीच थांबतो. चकतीतला माल सूर्यात गेला कसा, हे तो सांगत नाही. उलट तो जाऊच शकत नाही असे सांगतो. आणि आपल्या नोट्स लगेच पुढच्या ओळीत लिहितात, ‘मध्यभागी सूर्य तयार झाला’. हेच ते निरागस वाक्य.

९९.८६ टक्क्यांचा मालक

सूर्यमालेच्या एकूण वस्तुमानापैकी ९९.८६ टक्के सूर्यात आहे. हा आकडा सगळ्या नोट्समध्ये असतो. त्याच्या शेजारी असायला हवा तो दुसरा आकडा मात्र नसतो. एकूण कोनीय संवेगापैकी सूर्याच्या वाट्याला एक टक्कासुद्धा येत नाही.

गुरूचा हिशेब मांडू. वस्तुमान सूर्याच्या साधारण हजाराव्या भागाइतके, कक्षेतील वेग सेकंदाला १३ किलोमीटर, अंतर ७८ कोटी किलोमीटर. तिघांचा गुणाकार करा. दुसरीकडे सूर्याचे जडत्व-आघूर्ण काढून कोनीय वेगाने गुणा. इथे बहुतेक विद्यार्थी भरीव गोलाचे सूत्र, म्हणजे दोन-पंचमांश, वापरतात आणि गुरूचा कोनीय संवेग सूर्याच्या सुमारे १७ पट आणतात. सूर्य एकसमान घनतेचा गोल नाही, त्याचे बहुतेक वस्तुमान मध्याजवळ दाटलेले आहे, त्यामुळे तिथे ०.४ ऐवजी सुमारे ०.०७ घ्यायला हवे. तसे केले की गुरू एकटाच सूर्याच्या शंभरपट निघतो. चूक सूत्र वापरूनही निष्कर्ष तोच राहतो, म्हणून मी त्या चुकीचे फारसे गुण कापत नाही.

हा आक्षेप किरकोळ नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या चेंबरलिन आणि मोल्टन यांनी याच मुद्द्यावर लाप्लासची कल्पना नाकारली. त्यांनी, आणि नंतर इंग्लंडमध्ये जीन्सने, पर्याय मांडला की दुसरा एखादा तारा सूर्याच्या जवळून गेला, त्याने सूर्यातून माल ओढून काढला आणि त्याचे ग्रह झाले. दोनतीन दशके हीच कल्पना पुढे होती. मग १९३९ मध्ये स्पिट्झरने दाखवले की सूर्यातून निघालेला इतका तप्त वायू थिजणार नाही, उधळून जाईल. मेघाची कल्पना परत आली ती कोनीय संवेगाचा प्रश्न सुटला म्हणून नव्हे, तर प्रतिस्पर्धी पडला म्हणून. आपल्या नोट्समध्ये ही मधली पडझड नाही. ‘काण्ट-लाप्लास सिद्धांत’ असे लिहून पुढच्याच ओळीत ‘आधुनिक तेजोमेघ सिद्धांत’ येतो, जणू एकाच रस्त्यावरची दोन स्थानके.

मग उत्तर काय? एका ओळीत : वस्तुमान आत गेले, कोनीय संवेग बाहेर गेला. चकतीचा आतला भाग वेगाने फिरतो, बाहेरचा सावकाश. दोघांत घर्षणासारखे काही असेल तर बाहेरचा भाग आतल्याला मागे ओढतो. आतला संवेग गमावून आणखी आत घसरतो, बाहेरचा तो कमावून आणखी बाहेर सरकतो. क्लच घसरताना एका चकतीचा वेग दुसरीला कसा मिळतो ते आठवा.

अडचण अशी की वायूची साधी श्यानता या कामाला अगदीच अपुरी आहे. तिच्या भरवशावर राहिलो तर चकतीला आत यायला विश्वाच्या वयापेक्षाही कितीतरी जास्त काळ लागेल. प्रत्यक्षात चकत्या काही दशलक्ष वर्षांत संपलेल्या दिसतात. १९७३ मध्ये शकुरा आणि सुन्याएव यांनी कृष्णविवरांभोवतीच्या चकत्यांसाठी एक युक्ती केली. घर्षण कशामुळे होते ते बाजूला ठेवा, त्याचे मोजमाप ‘अल्फा’ नावाच्या एका अंकात भरा आणि पुढे चला. ही युक्ती ग्रहनिर्मितीतही आली. आपण डिझाइनमध्ये फॅक्टर ऑफ सेफ्टी घेतो तशीच ही गोष्ट आहे. उपयोगी, पण अज्ञानाला दिलेले नाव. १९९१ मध्ये बाल्बस आणि हॉली यांनी दाखवले की चकतीत क्षीण चुंबकीय क्षेत्र असले तरी तिच्यात खळबळ माजते आणि घर्षणाचे काम होते. या अस्थिरतेचे मूळ गणित त्याआधी तीस वर्षे वेलिखोव्ह आणि आपले चंद्रशेखर यांनी करून ठेवले होते, अगदी वेगळ्या संदर्भात. पण ग्रह बनतात त्या थंड भागात वायू पुरेसा आयनित नसतो, म्हणून चुंबकीय क्षेत्राची पकड तिथे ढिली पडते. आता चकतीच्या पृष्ठभागावरून उडणाऱ्या चुंबकीय वाऱ्यांकडे अधिक लक्ष आहे. वाद चालू आहे.

सूर्य बनल्यावरही त्याची गती कमी होत राहिली. सौरवारा चुंबकीय क्षेत्राला धरून बराच दूरपर्यंत सूर्याबरोबर फिरत जातो आणि मग सुटतो. त्यामुळे थोडेसे वस्तुमान जाताना पुष्कळ कोनीय संवेग जातो. सूर्यासारखे तरुण तारे काही दिवसांतच एक फेरी मारतात. वय वाढते तसे ते मंदावतात. २५ दिवसांचे उत्तर हे आहे. माझ्या विद्यार्थ्याला ते परीक्षेच्या हॉलमध्ये सुचणे शक्य नव्हते. प्रश्न सुचला होता, आणि ते तीन गुणांपेक्षा जास्त मोलाचे होते.

सरळ चूक असलेले वाक्य

आता चौथे वाक्य. ‘जड पदार्थ सूर्याजवळ राहिले, हलके वायू बाहेर फेकले गेले.’ हे वाक्य मी किती वर्गांना दिले याचा हिशेब करायला नको वाटते.

प्रथम, फिरणाऱ्या भांड्यात काय होते? गावच्या डेअरीतला क्रीम सेपरेटर पाहिला असेल. त्यात हलकी साय मध्याकडे येते आणि जड दूध बाहेर जाते. म्हणजे आपण ‘फेकले गेले’ हा शब्द सेंट्रिफ्यूजमधून घेतला आणि निष्कर्ष सेंट्रिफ्यूजच्या बरोबर उलटा काढला! मेकॅनिक्सच्या पेपरात हे खपले नसते.

दुसरे, सूर्याभोवतीच्या कक्षेत जड-हलके हा भेदच उरत नाही. एकाच ठिकाणाहून, एकाच वेगाने सोडलेला लोखंडाचा कण आणि बर्फाचा कण एकाच कक्षेत फिरतो. गॅलिलिओपासून आपल्याला हे माहीत आहे.

तिसरा पुरावा तर समोरच आहे. हलके वायू बाहेर गेले असते तर सूर्य कशाचा झाला असता? सूर्याच्या वस्तुमानाचा ९८ टक्क्यांहून जास्त भाग हायड्रोजन आणि हेलियम आहे. सगळ्यांत हलकी दोन मूलद्रव्ये बरोबर मध्यभागी बसली आहेत, आणि आपण त्याच पानावर लिहितो की ती बाहेर गेली.

मग बुध-शुक्र-पृथ्वी-मंगळ खडकांचे आणि गुरू-शनी वायूंचे का? भेद वजनाचा नाही, थिजण्याचा आहे. चकतीत सूर्याजवळ तापमान जास्त. तिथे फक्त लोखंड, सिलिकेटे असे पदार्थ घन राहू शकत होते, कारण ते हजार केल्विनच्या वरही टिकतात. पाण्याचा बर्फ चकतीच्या अत्यल्प दाबाखाली साधारण १७० केल्विनच्या खालीच टिकतो. ज्या अंतराबाहेर हे शक्य झाले तिला हिमरेषा म्हणतात. १९८१ च्या हायाशी यांच्या प्रसिद्ध प्रतिमानात ती २.७ एककांवर होती, मंगळ आणि गुरू यांच्या मध्ये. चकती थंड होत गेली तशी ही रेषाही आत सरकली, त्यामुळे आकृतीत एकच जाड तुटक रेघ काढून मोकळे होणे बरे नव्हे.

रेषेबाहेर बर्फ टिकला याने इतका फरक का पडावा? कारण विश्वात ऑक्सिजन मुबलक आहे. हायड्रोजन आणि हेलियम यांच्यानंतर तिसरा क्रमांक त्याचाच. हेलियम कशाशी संयोग पावत नाही. म्हणून हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचे पाणी हे अगदी स्वाभाविक आणि भरपूर संयुग. रेषा ओलांडली की घन मालाचा साठा दुपटीच्या आसपास वाढतो. मोठा गाभा लवकर बनतो. गाभा पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाच्या घरात पोचला की तो भोवतालचा वायू झपाट्याने ओढू लागतो. हा वायू बाहेर ‘फेकलेला’ नव्हता. तो पृथ्वीच्या आसपासही होता, भरपूर होता. इथले गाभे त्याला धरून ठेवण्याइतके मोठे झाले नाहीत आणि काही दशलक्ष वर्षांत तो निघून गेला.

याच ओघात ‘चार वायुग्रह’ ही वर्गवारीही तपासा. गुरू (पृथ्वीच्या ३१८ पट) आणि शनी (९५ पट) यांचे बहुतेक वस्तुमान हायड्रोजन-हेलियमचे आहे. युरेनस (१४.५ पट) आणि नेपच्यून (१७ पट) यांच्यात तो वाटा लहान आहे. ते वायुग्रह होता होता राहिलेले गाभे आहेत, वायू संपायच्या आत पुरेसे वाढू न शकलेले. चौघांना एका रकान्यात कोंबले की नेमकी हीच गोष्ट हरवते.

जिथे वाक्यच नाही

आमच्या पाच वाक्यांत धुळीपासून एकदम ग्रह होतात. मधली पायरी वगळली जाते आणि सगळ्यांत कठीण पायरी तीच आहे.

चकतीतल्या वायूला स्वतःच्या दाबाचा थोडा आधार असतो, म्हणून तो कक्षेत जरा सावकाश फिरतो. पृथ्वीच्या अंतरावर हा फरक सेकंदाला ५० मीटरच्या आसपास; कक्षेचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर, त्यामानाने नगण्य. धुळीचा कण वायूबरोबर वाहतो, त्याला काही होत नाही. किलोमीटरभराचा दगड इतका जड की वायूला जुमानत नाही. पण साधारण मीटरभर आकाराच्या दगडाला हा वायू सतत समोरून लागतो, सायकलवाल्याला समोरचा वारा लागावा तसा. तो ऊर्जा गमावतो आणि सूर्याकडे घसरतो, जास्तीत जास्त सेकंदाला ५० मीटर या दराने. १५ कोटी किलोमीटरना या वेगाने भागा. शंभर वर्षेसुद्धा भरत नाहीत! १९७७ मध्ये वायडेनशिलिंगने हे मांडले. म्हणजे दगड मीटरभराचा झाला की त्याने शंभर वर्षांच्या आत किलोमीटरभराचे व्हायचे किंवा सूर्यात जायचे.

यातून सुटायचा आज सर्वांत मान्य असलेला मार्ग २००५ मध्ये युडिन आणि गुडमन यांनी सुचवला. खडे एकमेकांच्या आडोशाने फिरू लागले की त्यांना वारा कमी लागतो, मागून येणारे त्यांच्यात अडकतात, दाटी वाढते आणि शेवटी अख्खा थवा स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने एकदम कोसळून काही किलोमीटर ते शेकडो किलोमीटरचा पिंड होतो. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान आरोकोथजवळून गेले तेव्हा दोन पिंड हलकेच एकमेकांना टेकून बसलेले दिसले, टक्करीची मोडतोड नाही. थवा कोसळण्याच्या कल्पनेशी हे चांगले जुळते. पाठ्यपुस्तकातला ‘कण आदळत गेले, चिकटत गेले’ हा शब्दप्रयोग मिलिमीटर-सेंटिमीटरपर्यंत ठीक आहे, त्यापुढे नाही.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे उष्णता. लहान पिंड वितळून त्यांचा लोहगाभा वेगळा कसा झाला, याला नोट्स ‘टक्करींची उष्णता’ असे उत्तर देतात. काही शे किलोमीटरच्या पिंडाला ती पुरत नाही. उत्तराचा एक पुरावा आपल्या देशात पडला. २० जून १९९६ रोजी राजस्थानच्या पाली जिल्ह्यात पिपलिया कलां इथे एक अशनी कोसळला. तो बेसॉल्टसारख्या, एकदा वितळून थिजलेल्या खडकाचा होता. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतील श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांना त्यात मॅग्नेशियम-२६ चे जादा प्रमाण सापडले आणि १९९९ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. हे जादा मॅग्नेशियम म्हणजे अॅल्युमिनियम-२६ ची राख. त्याचे अर्धायुष्य सुमारे ७ लाख वर्षे. म्हणजे ते शिल्लक असतानाच, सूर्यमालेच्या पहिल्या काही दशलक्ष वर्षांतच, तो मूळ पिंड वितळून थिजला होता. किरणोत्सारी अॅल्युमिनियम ही त्या काळची भट्टी होती. इतके जवळचे उदाहरण सोडून आपण स्केटिंगपटू आयात करतो.

पाचव्या वाक्याबद्दल थोडक्यात. लघुग्रह हा फुटलेल्या ग्रहाचा ढिगारा नाही. पट्ट्यातले सगळे लघुग्रह एकत्र केले तरी चंद्राच्या वस्तुमानाच्या तीनचार टक्क्यांपुढे जात नाहीत. शिवाय अशनींमधील समस्थानिकांचे दोन वेगळे गट पडतात, म्हणजे हा माल किमान दोन वेगळ्या भागांतून आलेला आहे. मधे उभी राहिलेली भिंत म्हणजे वाढता गुरू, असे अनेकांचे मत आहे.

ग्रह जागेवर बसून राहिले का?

आमच्या परिच्छेदात न लिहिलेले एक गृहीतक आहे : ग्रह जिथे आज आहेत तिथेच बनले. ऑक्टोबर १९९५ मध्ये मेयर आणि केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह जाहीर केला. त्याचे वर्ष ४.२ दिवसांचे. हिमरेषेच्या आत, तेही इतक्या आत, असा ग्रह बनणे कठीण. बहुधा तो दूर बनला आणि सरकत आत आला. चकती ग्रहाला असे सरकवू शकते हे गणित गोल्डराइख आणि ट्रेमेन यांनी १९८० मध्येच केले होते. आपल्या ग्रहांवर ते लावून पाहायची कुणाला फारशी गरज वाटली नव्हती.

त्यानंतर आलेल्या प्रतिमानांकडेही डोळे उघडे ठेवून पाहा. २००५ चे ‘नीस’ प्रतिमान फ्रान्समधल्या नीस शहरावरून नाव घेते (दरवर्षी कोणीतरी ‘नाइस मॉडेल’ लिहितेच). गुरू-शनींच्या कक्षा बदलताना सगळी बाहेरची सूर्यमाला विस्कटली, आणि त्यातूनच ३९० कोटी वर्षांपूर्वी चंद्रावर उल्कांचा भडिमार झाला, असे ते सांगत होते. पुढे त्या उशिराच्या भडिमारावरच शंका आली, कारण अपोलोने आणलेले बरेचसे नमुने एकाच मोठ्या विवराच्या ढिगाऱ्यातले असण्याचा संभव आहे. आता ही विस्कटण पहिल्या दहा कोटी वर्षांतच झाली असावी, असे बरेच संशोधक मानतात. नोट्समध्ये मात्र भडिमार अजून ठाम तारखेसह उभा आहे. २०११ चे प्रतिमान गुरूला दीड एककापर्यंत आत आणून परत बाहेर नेते, कारण मंगळ पृथ्वीच्या फक्त १०.७ टक्के वस्तुमानाचा का, हे त्याला सांगायचे आहे. ते सांगतेही. पण ज्या यंत्राला इतक्या चाव्या आहेत, त्याने एक उत्तर बरोबर दिले म्हणून मी लगेच मान डोलावणार नाही.

आणि आपल्यासमोर हजारो परग्रह आहेत. त्यांत पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या दरम्यानच्या आकाराचे, आपल्या ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे ग्रह भरपूर. आपल्याकडे तसा एकही नाही. बुधाच्या कक्षेच्या आत काहीच नाही. ‘सूर्यमाला अशी का’ या प्रश्नाला आता ‘आणि तशी का नाही’ ही जोडही द्यावी लागते.

माझ्या नोट्समधला परिच्छेद मी बदलला आहे. तो आता असा आहे : “मेघ आकसला व त्याची चकती झाली. चकतीत वस्तुमान आत आणि कोनीय संवेग बाहेर गेला, म्हणून सूर्य बनू शकला; हे नेमके कोणत्या यंत्रणेने, यावर संशोधन चालू आहे. तापमानानुसार कुठे काय थिजले यावरून ग्रहांचे घटक ठरले. खड्यांचे थवे कोसळून पहिले पिंड झाले, अॅल्युमिनियम-२६ ने त्यांतले बरेच वितळवले. हिमरेषेबाहेरचे मोठे गाभे वायू असतानाच वाढले. ग्रह पुढे आपल्या जागांवरून सरकले.” पाठ करायला जुन्याइतका सोपा नाही, अशी तक्रार आली आहे. ती खरी आहे.

स्वाध्याय

१. सूर्य व गुरू यांचे कोनीय संवेग काढा. सूर्यासाठी ०.४ आणि ०.०७ हे दोन्ही गुणक वापरा व फरकावर टिप्पणी करा.

२. ग्रहांचा सगळा कोनीय संवेग (गुरूच्या सुमारे १.६ पट) सूर्याला दिला तर त्याच्या एका फेरीला किती वेळ लागेल? तो टिकेल का? (सुमारे पावणेचार तास, जेमतेम.)

३. ०.०५ पार्सेक त्रिज्येचा, २ कोटी वर्षांत एक फेरी मारणारा मेघ कोनीय संवेग राखून सूर्याएवढा झाला तर तो किती वेळात एक फेरी मारील? प्रत्यक्षात सूर्य २५ दिवस का घेतो? (१० गुण. उत्तरात स्केटिंगपटू आला तरी चालेल. तो कुठे थांबतो ते लिहा.)